मदत हवी आहे: डीपीपीएच चाचणीत लवंगेपुढे बीएचटी फिके का पडते?

प्रयोगवही: एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी लवंगेच्या अर्काची डीपीपीएच चाचणी करत आहे (डीपीपीएच म्हणजे जांभळ्या रंगाचे स्थिर मुक्तमूलक, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेला रेणू; अँटिऑक्सिडंटने त्याचा रंग उतरतो). तुलनेला बीएचटी हे कृत्रिम अँटिऑक्सिडंट घेतले आहे, पण ते दरवेळी अर्कापेक्षा कमी प्रभावी दिसते आणि क्युवेट (द्रावणाची छोटी नळी) तशीच ठेवली तर ५१७ नॅनोमीटरवरचे प्रकाशाचे शोषण उतरतच राहते. बाटली नवीन आहे. शुक्रवारी सादरीकरण आहे, कृपया लवकर सांगा.

जुना_चंबू: द्रावक कोणते, रीडिंग किती मिनिटांनी घेतले आणि तुलना वजनावर आहे की मोलवर, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

फोलिनप्रेमी: डीपीपीएच सोडा. फोलिन-सिओकाल्टू ही फिनॉले (वलयावर हायड्रॉक्सिल गट असलेली संयुगे) मोजणारी चाचणी करा, मानक म्हणून गॅलिक आम्लाचा आलेख काढा. संध्याकाळपर्यंत एकूण फिनॉलचा आकडा हाती येईल.

जुना_चंबू: प्रश्न बीएचटीचा आहे. शिवाय फोलिनचा अभिकर्मक क जीवनसत्त्वालाही प्रतिसाद देतो, त्यामुळे त्या आकड्याला ‘एकूण फिनॉल’ म्हणणे जरा धाडसाचेच आहे.

प्रयोगवही: द्रावक अर्थातच मिथेनॉल. सर्वांना १० मिनिटे. तुलना मायक्रोग्रॅमवर.

मुक्तमूलक: मग मेख त्या १० मिनिटांत आहे. फिनॉल आपल्या ऑक्सिजनवरचा हायड्रोजन मुक्तमूलकाला देते आणि उरलेले फिनॉक्सिल मूलक वलयात इलेक्ट्रॉन पसरल्याने स्थिर राहते. साध्या फिनॉलमध्ये हा बंध तोडायला मोलमागे सुमारे ८७ किलोकॅलरी लागतात, तर बीएचटीत सुमारे ८१. म्हणजे बीएचटी कमजोर मुळीच नाही. मात्र त्याच्या हायड्रॉक्सिलच्या दोन्ही बाजूंना तृतीयक ब्युटिल गट आहेत आणि डीपीपीएचचा नायट्रोजनही वलयांच्या गर्दीत अडकलेला असल्याने दोघांची गाठ सावकाश पडते. लवंगेतला मुख्य घटक असलेल्या युजेनॉलमध्ये एका बाजूला फक्त छोटा मेथॉक्सी गट आहे, दुसरी मोकळी. वर मिथेनॉलमध्ये लवंगेची टॅनिनेही उतरतात, ज्यांच्यावर शेजारीशेजारी हायड्रॉक्सिल गट भरपूर असतात.

तेलघाणा: एवढ्या खटाटोपापेक्षा घाण्याच्या तेलात चार लवंगा टाका, खवट वास येत नाही. आमच्याकडे पूर्वीपासून हेच करतात. रसायने हवीत कशाला?

मुक्तमूलक: युजेनॉलही रसायनच आहे. तेलात हायड्रोजन घेणारे पेरॉक्सिल मूलक डीपीपीएचपेक्षा आटोपशीर असल्याने तिथे बीएचटी व्यवस्थित काम करते. या चाचणीवरून तेलाबद्दल निष्कर्ष काढू नये.

जुना_चंबू: मुक्तमूलक, तुम्ही मिथेनॉलला फारच सहज सोडलेत. त्यात काही फिनॉले आधी प्रोटॉन सोडतात आणि मग फिनॉक्साइड झटपट इलेक्ट्रॉन देते. थोडे ॲसेटिक आम्ल घालून वेग मंदावतो का, ते पाहिल्याशिवाय सगळे श्रेय हायड्रोजन देण्याला कसे देता?

मुक्तमूलक: अर्काबाबत मान्य. बीएचटीचा रेंगाळलेला उतार मात्र गर्दीमुळेच आहे.

प्रयोगवही: वाद नंतर घाला. तक्त्यात कोणता आकडा लिहू?

जुना_चंबू: एकच आकडा लिहू नका. सुरुवातीपासून ठरावीक अंतराने रीडिंग घेऊन काळ आणि शोषण यांचा आलेख द्या, कोरी (काहीही न मिसळलेली) डीपीपीएच अंधारात सोबत ठेवा आणि प्रत्येक आकड्यापुढे वेळ नोंदवा. बीएचटीची तुलना शुद्ध युजेनॉलशी, तीही मोलवर करा. जलद मानक म्हणून ट्रोलॉक्स (ई जीवनसत्त्वासारखे संयुग) जोडा.

प्रयोगवही: ट्रोलॉक्स विभागात नाही. क जीवनसत्त्व चालेल का?

जुना_चंबू: चालेल, द्रावण मात्र त्याच दिवशी करा. ते फिनॉल नाही, हे तक्त्याखाली लिहायला विसरू नका. परीक्षक नेमके तेच विचारतील.