परवानगीची खिडकी बंद करा म्हणणाऱ्यांना उत्तर

शहापूरकर
परवा इथं एकानं लिहिलं, 'विंडोजमध्ये ऊठसूट स्क्रीन अंधारून होय-नाही विचारतंय, नुसती कटकट. कंट्रोल पॅनलमधली पट्टी तळाला ओढा आणि मोकळे व्हा.' खाली अंगठ्यांची रांग. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

ही खिडकी म्हणजे 'युजर अकाउंट कंट्रोल'. एखादा प्रोग्राम पूर्ण मशीनवर बदल करायचा अधिकार मागतो, तेव्हा ती येते. २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर आली, तेव्हा खरंच जीव खायची. २००९ ला विंडोज ७ मध्ये किती विचारायचं ते ठरवणारी चार पायऱ्यांची पट्टी आली आणि विचारणं पुष्कळ कमी झालं. शिव्या मात्र अजून व्हिस्टाच्याच चालल्यात. स्क्रीन अंधारते तीही उगीच नाही. खिडकी तेव्हा वेगळ्या डेस्कटॉपवर उघडते, तिथं दुसऱ्या प्रोग्रामला परस्पर 'होय' दाबता येत नाही. पट्टी मुळात असते तिथून एक पायरी खाली आणली की हे संरक्षण गेलं. तळाला नेली, तर अ‍ॅडमिन खात्यावर, म्हणजे पूर्ण मशीन बदलायचा अधिकार असलेल्या खात्यावर, जो प्रोग्राम अधिकार मागेल त्याला तो न विचारता मिळतो.

आमच्या गल्लीतल्या काकूंना फोन आला, 'बिल थकलंय, रात्री लाईट कापणार, हे सॉफ्टवेअर टाकून घ्या.' मुलगा पुण्यात. त्यानं आईचं खातं साधं, म्हणजे अ‍ॅडमिनचा अधिकार नसलेलं, ठेवलेलं. खिडकीनं पासवर्ड मागितला, तो काकूंकडं नव्हता, म्हणून त्यांनी मुलाला फोन लावला. पैसे वाचले ते तेवढ्यानंच. घरोघरी असंच पाहिजे: रोजचं खातं साधं, अ‍ॅडमिनचं वेगळं, पट्टी वर.

खडेबाजार डीटीपी
साहेब, तुमचं घर. आमचं दुकान घरातच हाय, कॉम्प्युटर एकच. जुनं डीटीपी सॉफ्टवेअर, पत्रिका-फ्लेक्स मांडायचं, डोंगलवालं (किल्लीसारखा तुकडा कॉम्प्युटरला लावला तरच चालणारं), दर खेपेला उघडताना विचारतंय. लग्नसराईत गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतंय, अक्षता परवावर आलेल्या असतात. मी पट्टी तळाला ओढलोय आणि वर करणार न्हाई. आमच्या ओळखीच्या एकाच्या सगळ्या फायली लॉक करून पैसे मागितले, त्याची पट्टी वरच होती की! काय उपयोग झाला, सांगा.

निपाणीकर
ह्यांचं हे म्हणणं खरं आहे. आपल्याच फोल्डरातल्या फायली लॉक करायला व्हायरसला अ‍ॅडमिनचा अधिकार लागतच नाही, त्यामुळे खिडकी येतच नाही. त्याला इलाज एकच, बाहेरच्या डिस्कवर बॅकअप, आणि काम झालं की डिस्क काढून ठेवायची. पण म्हणून खिडकी निकामी ठरत नाही. एका खात्यात शिरलेलं पूर्ण मशीनवर बसू नये, एवढंच तिचं काम.

टिळकवाडी बाई
मूळ दुखणं त्या जुन्या सॉफ्टवेअरचं आहे. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांसाठी एकच जागतिक संकेत, त्यात देवनागरी १९९१ पासून आहे. जुन्या सॉफ्टवेअरचे फॉन्ट तो पाळत नाहीत. मी शाळेच्या संमेलनाची पत्रिका व्यवस्थित युनिकोडमध्ये टाईप करून दिली, तर दुकानदारानं त्याच्या फॉन्टात पुन्हा टाईप केली आणि 'पाहुण्यांच्या', 'दुसऱ्या' सगळ्याची वाट लावली. अशा चुका मुलांच्या हातात पडतात. याचा राग येत नाही का कुणाला?

खडेबाजार डीटीपी
बाई, आम्ही पानं मांडतो त्या पेजमेकर सॉफ्टवेअरला युनिकोड चालत न्हाई, आणि आमच्या सगळ्या जुन्या फायली त्यातच हायत. २०२४ पासून कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड पाहिजे. कन्नड टाईप करायला नुडी सॉफ्टवेअर, मराठीला हे जुने फॉन्ट, एकाच फ्लेक्सवर दोन्ही बसवतो आम्ही. सीमाभागात मराठी छापतंय कोण? आम्हीच. भाषणं ठोकणाऱ्यांची पोरं इंग्लिश मिडियमला!

टिळकवाडी बाई
माझी दोन्ही मुलं मराठी शाळेत शिकली. माहीत नसताना घरापर्यंत जायचं नाही. इनडिझाइन या पानं मांडायच्या नव्या सॉफ्टवेअरला २०१२ च्या सीएस ६ आवृत्तीपासून मराठी आणि कन्नड दोन्ही युनिकोडमध्ये जमतं, एकाच पानावर. तुम्ही सीमाभागात मराठी छापता म्हणूनच ती शुद्ध छापली पाहिजे.

खडेबाजार डीटीपी
त्याचे पैसे कोण भरणार? पन्नास पत्रिका छापणारा भाव करतोय अर्धा तास!

खानापूरचा
पाटीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, आमच्या गावातल्या दुकानदारांनी वर्षात दोनदा बोर्ड बदलले. मराठी कोपऱ्यात गेली. तुम्ही फॉन्टावर भांडताय, इथं जागाच उरली नाही.

शहापूरकर
जागेचं दुखणं माझंही आहे, त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो. डीटीपीवाले भाऊ, तुमच्यासाठी. आधी बघा, सॉफ्टवेअर अधिकार का मागतंय. पुष्कळदा ते 'प्रोग्राम फाइल्स'मधल्या स्वतःच्याच फोल्डरात लिहीत असतं, आणि तिथं लिहायला अ‍ॅडमिनचा अधिकार लागतो. त्या एका फोल्डरला लिहायची परवानगी दिली की बरेचदा भागतं. नाहीतर विंडोजमधल्या टास्क शेड्युलरमध्ये (कामं ठरवून ठेवून चालवायचं साधन) सॉफ्टवेअर उघडायचा टास्क करा, 'सर्वोच्च अधिकारांसह चालवा' वर खूण करा आणि तो टास्क चालवणारा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवा. परवानगी टास्क करताना एकदाच. पट्टी वरच राहते.

खडेबाजार डीटीपी
फोल्डरचं जमलं न्हाई. टास्कचं करून बघितलो, न विचारता उघडतंय. पट्टी वर केलोय. हे आधीच सांगितला असता तर एवढं बोललो नसतो. पोरगं त्याच मशीनवर गेम टाकत बसतंय, त्याला साधं खातं काढून देणार. फॉन्टबद्दल मात्र माघार न्हाई.

टिळकवाडी बाई
माघार नको, पण छापायच्या आधी प्रूफ गिऱ्हाइकाला दाखवा. त्याला पैसे लागत नाहीत.

खडेबाजार डीटीपी
दाखवतो. आणि मुलांवरून बोललो ते मागं घेतो. पेजमेकरवरचं न्हाई.