सेल्फ मारला की इंजिन जड फिरतं, गाडी चालू होत नाही. बॅटरी नवीन आहे

बाबांची_बोलेरो:
नमस्कार. गाडी 2007 ची बोलेरो, डीआय डिझेल. 2022 साली पुन्हा पासिंग केलं तेव्हाच घरात ठरलं की ही विकायची नाही. राहतो मिठबावला, देवगड तालुका. घरापासून समुद्र चालत दहा मिनिटं. गाडी माडाखाली पत्र्याच्या शेडमध्ये असते, शेडला भिंती नाहीत.

दिवाळीपासून सेल्फ (चावी फिरवल्यावर इंजिन फिरवणारी मोटर) जड झालाय. चावी फिरवली की घर्र… घर्र… घर्र… असं थांबून थांबून फिरतं, जात्यावर कोणीतरी एकट्याने दळत असल्यासारखं. आधी तिसऱ्या-चौथ्या वेळेला तरी चालू व्हायची. आता सकाळी होतच नाही. घाटीवर नेऊन दुसऱ्या गिअरमध्ये सोडली की मात्र दोन हात जाताच चालू होते, धूर नाही, काही नाही. दिवसभर नीट चालते.

दुकानदाराने बॅटरी गेली असं सांगितलं म्हणून जानेवारीत नवीन बॅटरी घातली. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. शेजारच्या टेम्पोवरून वायर जोडून पाहिली, फरक नाही. गंमत म्हणजे सेल्फ मारताना हेडलाइट लावून बघितले तर ते फारसे मंदही होत नाहीत.

याच मुदतीत अ‍ॅक्सिलरेटरची केबल एकदा अडकली. काढली तर आतलं प्लास्टिक वितळून तारेला चिकटलं होतं. ती बदलून घेतली. त्याचा याच्याशी संबंध नसावा, पण या तीन महिन्यांत झालेलं सगळं लिहितेय.

आंब्याची पहिली तोड पंधरा दिवसांवर आली आहे. पाच डझनी पेट्या पहाटे जामसंड्याला पोचवायच्या असतात आणि बाबांना आता गाडी ढकलायला लावणं मला जमणार नाही. सेल्फ नवीन टाकू का? की आणखी काही आधी बघायचं?

घाटमार्ग_पिकअप:
हिटर प्लग गेले असतील. नाहीतर इंजिन ऑइल फार जाड भरलंय. माझ्या गाडीला थंडीत असंच व्हायचं, ऑइल बदलल्यावर सुटलं.

खाडीकाठ:
ताई, माझ्या गाडयेक असाच झाला होता. सेल्फचे कार्बन संपले होते आणि बुश झिजलेलो. आर्मेचर, म्हणजे सेल्फातलो फिरणारो भाग, आतल्या आत घासत होता. सेल्फ खोलून घेवा, नवीन घेवची घाई करू नका. कार्बन-बुशचो खर्च नव्या सेल्फाच्या मानान काहीच नाय.

वायरमन_वेंगुर्ला:
सेल्फ खोलू नका अजून. मी एसटीच्या वर्कशॉपात अठ्ठावीस वर्षं इलेक्ट्रिशियन होतो. तिथे चोवीस व्होल्टची कामं, इथे बारा, पण रोग एकच असतो. बाय, तुम्ही स्वतःच उत्तर लिहिलंय, फक्त ते केबलच्या ओळीत लपलंय.

आधी हिटर प्लगचं. हिटर प्लग ज्या इंजिनात असतात तिथे ते पेटायला मदत करतात, सेल्फचा वेग वाढवत नाहीत. तुमचं दुखणं वेगाचं आहे. डिझेल पेटतं ते हवा दाबून तापते म्हणून. इंजिन हळू फिरलं की दाबलेली हवा रिंगांतून निसटते, उरलेली आपली उष्णता सिलिंडरच्या भिंतीला देऊन बसते आणि डिझेल पेटतच नाही. उतारावर लगेच चालू होते याचा अर्थ पंप, नोझल, कॉम्प्रेशन सगळं ठीक आहे. ऑइल जाड होण्याइतकी थंडी मिठबावला कधी पडते? ते घाटावरचं दुखणं.

आता केबल. सेल्फ मारताना दोनशे अँपिअरच्या आसपास करंट जातो, कधी त्याहून जास्त. बॅटरीच्या प्लसमधून सेल्फपर्यंत जाड वायर असते ती सगळ्यांना दिसते. पण तो करंट परत यायलाही वाट लागते. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून तुटलेलं. इंजिन किंवा गिअरबॉक्स आणि चॅसी म्हणजे गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये तांब्याची विणलेली पट्टी असते, तीच परतीची वाट. ती पट्टी खारट हवेने खाल्ली की करंट मिळेल त्या वाटेने घरी जातो. अ‍ॅक्सिलरेटरची केबल एका टोकाला इंजिनावर, दुसऱ्या टोकाला बॉडीवर. एवढा करंट त्या बारीक तारेतून गेला की ती तापते आणि प्लास्टिक वितळतं. केबल बदलणाऱ्याने हे ओळखायला हवं होतं. दिवे मंद होत नाहीत तेही याचमुळे: दिव्यांचं अर्थिंग बॉडीवर आहे, ते चांगलं आहे. बॅटरीत ताकद आहे, ती सेल्फपर्यंत पोचत नाही.

अंदाजावर जाऊ नका, मोजा. साधा मल्टीमीटर चालेल, डीसी 20 व्होल्टवर ठेवा. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. इंजिन चालू होऊ नये म्हणून पंपावर शट-ऑफ सोलेनॉइड (डिझेल तोडणारा विजेचा व्हॉल्व्ह) असेल तर त्याची वायर काढा. इंजिन बंद करायला ओढायची केबल असेल तर कोणाला तरी ती ओढून धरायला सांगा. मीटरची काळी काडी बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर टेकवा, क्लॅम्पवर नको. लाल काडी इंजिनाच्या उघड्या धातूवर, रंग किंवा ग्रीस असेल तिथे नको. आता सेल्फ मारा आणि आकडा बघा. 0.2, फार तर 0.3 यायला हवा. एकच्या वर गेला तर तेवढे व्होल्ट वाटेतच जळतायत. मग तसंच प्लसच्या बाजूने, बॅटरीची प्लस खुंटी ते सेल्फचा मोठा बोल्ट. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. शेवटी दोन्ही काड्या बॅटरीवर ठेवून सेल्फ मारा. दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये मिनिटभर थांबा.

शेवटचा आकडा लक्ष देऊन वाचा. सेल्फ जड आहे आणि बॅटरी 9.6 च्या खाली बसतेय, तर बॅटरी तरी गेली किंवा सेल्फ-इंजिन जास्त करंट ओढतंय. सेल्फ जड आहे आणि बॅटरी मात्र आरामात अकराच्या जवळ, तर करंट कुठेतरी अडलाय.

आणि एक कळकळीने सांगतो. एअर फिल्टरपाशी पेट्रोलचा बोळा धरून चालू करायला कोणी आलं तर परत पाठवा. नको त्या वेळी भडका होतो, रिंग मोडतात, पिस्टन जातो. दोनशे रुपयांच्या पट्टीसाठी इंजिन खोललेली गाडी मी पाहिली आहे.

बाबांची_बोलेरो:
काका, मोजलं. बाबा चावीवर, मी बॉनेटखाली. वहीत लिहिलेलं जसंच्या तसं देते.

सेल्फ न मारता बॅटरी 12.5. सेल्फ मारताना बॅटरीवर 10.9. प्लसच्या बाजूला 0.4. मायनस खुंटी ते इंजिन 1.8!

म्हणजे सेल्फला नऊ व्होल्टसुद्धा मिळत नव्हते. जंप केबलची काळी वायर बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनाच्या बोल्टला जोडली आणि सोलेनॉइडची वायर परत लावून सेल्फ मारला. पहिल्या फटक्यात चालू. बाबा खाली उतरलेच नाहीत, तसेच बसून राहिले आवाज ऐकत.

मग गाडीखाली गेले. गिअरबॉक्सपासून चॅसीला जाणारी पट्टी आहे, म्हणजे होती. वरून चिखल आणि ग्रीसचा थर असल्यामुळे अख्खी दिसायची. बोटाने दाबली तर हिरवी भुकटी पडली, पाचसहा तारा उरल्या होत्या. चॅसीकडचा बोल्ट गंजून फुगला होता.

वायरमन_वेंगुर्ला:
छान. आता पट्टी बदलताना घाई नको. आधी बॅटरीचा मायनस काढा. चॅसीवरची जागा पॉलिश पेपरने पांढरी लख्ख दिसेपर्यंत घासा, गंजावर नवीन पट्टी आवळली तर दोन महिन्यांत पुन्हा इथे याल. बोल्ट, वॉशर नवे. आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली भरपूर, पण आवळल्यानंतर. बॅटरीपासून चॅसीला येणारी वायरही त्याच वेळी उघडून बघा, थिंबलच्या (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) आत हिरवं दिसलं तर ती पण बदला.

डायनामोचा करंटही याच पट्टीतून परत येतो. पट्टी खराब म्हणजे चार्जिंगही अर्धवट. जुनी बॅटरी टाकून दिली नसेल तर पूर्ण चार्ज करून तपासून घ्या, ती कदाचित चांगली असेल. पट्टी बसल्यावर गाडी चालू ठेवून बॅटरीवर मोजा, 13.8 ते 14.4 च्या मध्ये यायला हवेत.

खाडीकाठ:
काकानू, माझ्या गाडयेची पट्टी पण आज बघून इलंय. अर्धी गेली हा. बरा झाला वाचलंय ता.

बाबांची_बोलेरो:
पट्टी काल कणकवलीहून आणली, बॅटरीच्या मायनसची वायरही नवीन घेतली. चॅसी घासायलाच पाऊण तास गेला. आता इंजिनाच्या बाजूला 0.15. सेल्फ मारताना बॅटरी मात्र 10.4 पर्यंत खाली येते, आधी 10.9 होती. हे बघून घाबरले होते, पण सेल्फ दुप्पट वेगाने फिरतोय. चार्जिंग 14.1.

वायरमन_वेंगुर्ला:
घाबरू नका, तसंच व्हायला हवं. वाट मोकळी झाल्यावर सेल्फ हवा तेवढा करंट ओढतो, म्हणून बॅटरी थोडी जास्त बसते. पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा हाच आकडा मोजून वहीत त्याच पानावर लिहीत जा. शेडला समुद्राच्या अंगाने झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) तरी बांधा.

बाबांची_बोलेरो:
झापं बाबा आजच विणायला बसलेत. जुनी बॅटरी दुकानातून परत मिळाली, चार्जिंगला लावली आहे. उद्या पहाटे साडेचारला पहिल्या बावीस पेट्या निघतायत.