'शुभार्थी' आणि 'शुभंकर': हे शब्द घराबाहेर चालतात का?

सांजवात

परवाची गोष्ट. भाऊ कोपऱ्यावरच्या वाण्याकडे दुधाच्या पिशव्या घ्यायला गेला, मी मागे पायरीवर उभी होते. वाणी नवीन आहे. त्यानं सहज विचारलं, "काय करता आपण?" भाऊ बेचाळीसचा, एकवीस वर्षं स्किझोफ्रेनिया, म्हणजे मनाचा आजार. एरवी हा प्रश्न आला की तो चपलेकडे बघत बसतो. त्या दिवशी मात्र ताठ उभा राहून म्हणाला, "मी शुभार्थी आहे." वाण्यानं सुट्टे मोजता मोजता विचारलं, "कुठल्या योजनेचे?"

घरी येईपर्यंत आम्ही दोघं हसत होतो. पण तेव्हापासून डोक्यात आहे. आमच्या स्वमदत गटात हे दोन शब्द इतके रुळलेत की वेगळे वाटतच नाहीत. आजार असलेला तो शुभार्थी, त्याला सांभाळणारा तो शुभंकर. गटाच्या खोलीचं दार ओलांडलं की मात्र कुणालाच कळत नाहीत. शब्द म्हणून ते बरोबर आहेत का? आणि नसतील तर तुमच्याकडे काय म्हणतात?

धातुपाठ

वाण्याची काही चूक नाही हो. हल्ली कानावर सगळ्यात जास्त पडणारा 'अर्थी' म्हणजे लाभार्थीच.

शब्द चोख आहे. अर्थी म्हणजे इच्छिणारा, मागणारा. विद्यार्थी, शरणार्थी, परीक्षार्थी, तसा शुभार्थी: स्वतःचं शुभ इच्छिणारा. याची गंमत कळायला 'रुग्ण' शब्द शेजारी ठेवून बघा. तो 'रुज्' धातूपासून आला आहे, आणि रुज् म्हणजे मोडणे. रुग्ण म्हणजे मोडलेला. एकाच्या बाबतीत काहीतरी घडून गेलंय, दुसऱ्याला काहीतरी हवंय. ज्यानं कुणी हा शब्द योजला, त्यानं विचार करून योजलाय.

शुभंकरही व्याकरणात बसतो. भयंकर, प्रियंकर, तसा शुभंकर. अडचण एवढीच की वर्तमानपत्रांनी तो 'मॅस्कॉट'साठी केव्हाच पळवला. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांचा अप्पू हत्ती, तोही शुभंकरच. त्यामुळे "मी शुभंकर आहे" म्हटलं की माझ्यासारख्याच्या डोळ्यांपुढे आधी सोंड येते. क्षमस्व.

काजूबी

आमच्याकडे कोकणात अजून 'बाहेरचं झालंय' हाच शब्द. डॉक्टरच्या आधी देवस्की बघणारा, मग रत्नागिरी. 'याला रत्नागिरीला पाठवा' ही आमची शिवी. मुंबईत गेलो तर तिथे 'ठाण्याला पाठवा', पुण्यात 'येरवड्याला'. महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, ही तीन आणि नागपूर. ज्याला जे जवळ, त्याची ती शिवी. रत्नागिरीत राहणाऱ्यांनी काय म्हणायचं हा प्रश्न मला लहानपणापासून पडलाय.

सांजवात

काजूबी :)

धातुपाठ, मोडलेला विरुद्ध इच्छिणारा, हे भावाला वाचून दाखवलं. "परत वाच" म्हणाला.

मी हे शब्द पहिल्यांदा ऐकले ते पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या, म्हणजे 'सा'च्या वर्तुळात. ही संस्था डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ मध्ये सुरू केली. ते कॅनडात कॅलगरीच्या विद्यापीठात प्राध्यापक होते, मनोविकारतज्ज्ञ नव्हेत. त्यांच्या पत्नीला हा आजार होता, त्यातून हे काम उभं राहिलं. म्हणून मला वाटतं या शब्दांना घराचा वास आहे, दवाखान्याचा नाही.

'केअरगिव्हर'ला काही जण 'काळजीवाहू' म्हणतात. ते ऐकलं की वाटतं, निवडणुका लागेपर्यंतच आहे मी.

गोदाकाठ

मी आई आहे. मुलगी एकोणतीस वर्षांची. मला शुभंकर म्हटलेलं आवडत नाही, आणि का ते सांगते.

तिला क्लोझापिन सुरू झालं तेव्हा पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं होतं, पांढऱ्या पेशी कमी होत नाहीत ना ते बघायला. दर मंगळवारी सकाळी तिला उठवायचं. ते औषध इतकी झोप आणतं की उशी लाळेनं ओली असते. तोंड धुवायला लावायचं, रिक्षात बसवायचं, सुई टोचताना हात धरायचा. एका मंगळवारी ती उठेचना आणि मी ओरडले. नको ते बोलले. रिक्षावाला खाली हॉर्न वाजवत होता. त्या दिवशी मी कसलं शुभ करत होते?

शुभंकर म्हटलं की चिडायची सोय राहत नाही. 'आई' या शब्दात ती आहे. आया चिडतात, हे जगाला माहीत असतं.

आणि मराठीत शब्द नाही असं कोण म्हणतं? आपल्याकडे नाम नसेल, क्रियापद आहे. "तिचं सगळं आई करते." करणं. हवं-नको बघणं. "याच्याकडे कोण बघतं?" एवढं पुरतं आम्हाला.

धातुपाठ

गोदाकाठ, पटलं. मी नामं कुरवाळत बसलो होतो.

दोन टोकं

इथे सगळे 'करणारे' बोलतायत, 'ज्याचं करतात' तो एक बोलतो. बायपोलर (मन कधी फार वर, कधी फार खाली), लिथियमच्या गोळ्यांवर, नऊ वर्षं.

ओपीडीत सगळे 'पेशंट' म्हणतात, मला चालतं. 'केस' चालत नाही. 'वेडा' मित्र म्हणाला तर चालतं, मेव्हणा म्हणाला तर नाही. 'शुभार्थी' आधी गुळमट वाटला होता, पण विद्यार्थीशेजारी ठेवल्यावर बरा वाटतोय. शिकणाऱ्याला नापास व्हायची मुभा असते.

कायद्याची भाषाही बघा कुठून कुठे आली. १९१२ च्या कायद्याच्या नावातच 'ल्युनसी' होतं, म्हणजे वेड, आणि तो शब्द आलाय चंद्रावरून. आपल्याकडेही अमावास्या-पौर्णिमेला वेड वाढतं म्हणतातच, तेव्हा इंग्रजांना हसण्यात अर्थ नाही. मग १९८७ चा कायदा, आणि आता २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, २९ मे २०१८ पासून लागू. त्यात 'मानसिक आजार असलेली व्यक्ती' असा लांबलचक शब्दप्रयोग आहे. लांबलचक आहे, पण व्यक्ती आहे.

त्याच कायद्यातला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' हा शब्द उच्चारताना दात पडतील, पण कामाचा आहे. उद्या मला माझे निर्णय नीट घेता आले नाहीत तर माझ्या बाजूनं कुणी बोलायचं, ते मी बरा असताना साध्या कागदावर लिहून सही करून ठेवू शकतो. तो माणूस नातेवाईकच हवा असं नाही. मी मित्राचं नाव लिहिलं. घरात दोन दिवस अबोला होता. मग आई म्हणाली, "बरं झालं, एक काम कमी झालं." तिला काय म्हणू? शुभंकर? ती 'हुश्श' म्हणाली, तिला हुश्शंकर म्हणा.

काजूबी

हुश्शंकर =))

सांजवात

आणि 'छिन्नमनस्कता'? भावाच्या फाइलवर एका डॉक्टरांनी लिहिलं होतं. तो शब्द वाचून आमच्या आत्यानं घरातल्या सुऱ्या लपवल्या होत्या.

धातुपाठ

तो शब्द म्हणजे भाषांतराचा बळी. ब्लॉयलर या स्विस डॉक्टरनं १९०८ मध्ये ग्रीकवरून 'स्किझोफ्रेनिया' बनवला, दुभंगलेलं मन अशा अर्थी. त्याला म्हणायचं होतं की विचार, भावना यांचे सांधे निखळतात. लोक समजले, एका देहात दोन माणसं. आपण तीच चूक संस्कृतात नेऊन आणखी धारदार केली. 'छिन्न' म्हटलं की आत्याबाई सुऱ्या लपवणारच.

जपानी भाषेतही 'मन फाटण्याचा आजार' असंच नाव होतं. पेशंटांच्या कुटुंबांनी तक्रार केली आणि २००२ मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं ते अधिकृतपणे बदललं. नवं नाव 'तोगो शिच्चो शो', साधारण अर्थ मेळ बिघडण्याचा आजार. कोरियानं पुढे 'जोह्योनब्योंग' घेतलं, त्यात तंतुवाद्याच्या तारा जुळवण्याची कल्पना आहे. तार उतरली तर कुणी तंबोरा फेकून देत नाही, जुळवतात, आणि दर बैठकीला पुन्हा जुळवतात.

मराठीत मी तरी स्किझोफ्रेनियाच म्हणेन. डायबेटिस पचवलाय आपण, हाही पचेल.

सांजवात

तंबोरा आवडला. आमच्याकडे उलट व्हायचं. तो दिवसदिवस अंथरुणात पडून भिंतीकडे बघायचा तेव्हा काका म्हणायचे, "वेड पांघरून पेडगावला चाललाय." हालचालीतला, बोलण्यातला, उत्साहातला जीव जाणं हा आजाराचाच भाग असतो हे आम्हाला गटात कळलं, तोवर आठ वर्षं आम्ही त्याला आळशी म्हणत होतो. मीसुद्धा.

गोदाकाठ

सांजवात, आठ वर्षं म्हणजे फार नाहीत. आमच्याकडे अकरा.

बरं, 'रिलॅप्स'ला तुम्ही काय म्हणता? आमची कामवाली म्हणते, "ताईंचं दुखणं उलटलं." तापाला म्हणतात तसंच. मला हा शब्द फार बरोबर वाटतो, कारण उलटलेला ताप उतरतो हे तिला माहीत असतं, आणि ती त्या दिवशी न विचारता दोन पोळ्या जास्त लाटून जाते.

दोन टोकं

'उलटलं' घेतला. आणि 'रिकव्हरी'ला 'बरा झालो' नको, 'सावरलो' म्हणा. बरा झालो म्हटलं की लोक गोळ्या बंद करायला सांगतात.

सांजवात

सगळ्यांचे आभार. उद्या त्याचं महिन्याचं इंजेक्शन आहे. डॉक्टर 'डेपो' म्हणतात, आम्ही 'महिन्याचं', आणि तो स्वतः 'एसटी'. का ते कळायला मला दोन महिने लागले.

जाता जाता: आज तो पुन्हा वाण्याकडे गेला होता. वाण्यानं विचारलं, "शुभार्थी साहेब, दूध किती?" हा म्हणाला, "अर्धा लिटर. आणि योजना बंद पडली."

काजूबी

वाण्याचा पत्ता द्या, दुकान बदलतो.

गोदाकाठ

क्लोझापिनवर असलेल्यांना सकाळी उठवायची कुणाकडे काही युक्ती असेल तर नवीन धागा काढते. शब्दांचा नाही.