मदत हवी आहे: योसेफाने नियम पाळला की मोडला?

सर्वांना प्रभूमध्ये सलाम, मी मिरजेतून लिहितेय. आगमनकाळाच्या (नाताळाआधीचे चार रविवार, दर रविवारी एक मेणबत्ती) तिसऱ्या रविवारी संडे स्कूलच्या मोठ्या मुलांना नियमशास्त्र (मोशेने दिलेले नियम) आणि कृपा यावर शिकवायचंय. मागच्या रविवारी दुसरी मेणबत्ती पेटवताना नववीतल्या एका मुलीने विचारलं, ताई, मत्तय 1:19 मध्ये योसेफाला नीतिमान म्हटलंय, पण त्याच्याशी मागणी झालेली मरीया लग्नाआधीच गरोदर होती, आणि अनुवाद (जुन्या करारातलं नियमांचं पुस्तक) 22 प्रमाणे तर तिला धोंडमार झाली असती ना, मग त्याने नियम पाळला की मोडला? मेण बोटावर ओघळलं तरी मला कळलं नाही, एवढी मी गप्प झाले.

मला मनापासून वाटतं की सगळं इथेच आहे, योसेफाने मरीयेची बेअब्रू होऊ दिली नाही, म्हणजे बाळ जन्मायच्या आधीच कृपा दिसायला लागली. पण मत्तय 5:17 पण आहेच की, येशू म्हणतो मी रद्द करायला नाही तर पूर्ण करायला आलोय, आणि गलतीकरांस पत्र 4:4 प्रमाणे तो स्वतः नियमशास्त्राधीन जन्मला. आज्जीच्या बायबलात त्या ओळीखाली पेन्सिलची रेघ आहे, बाजूला मात्र काहीच लिहिलेलं नाही.

नियम म्हणजे वाईट असं मुलांच्या डोक्यात बसायला नको. तुमच्यापैकी कुणी हे शिकवलंय का, कसं मांडलंत? शनिवारच्या आत सांगा प्लीज.