मोठ्या मॅगेलनिक मेघात मधली काही अब्ज वर्षं तारे जन्मलेच नाहीत का?

मृगशीर्ष: या मेघातले, म्हणजे आपल्या आकाशगंगेशेजारच्या छोट्या दीर्घिकेतले, तारकागुच्छ एकतर १२ अब्ज वर्षांच्या आसपासचे, नाहीतर ३ अब्जांहून तरुण. मधल्या काळातला बरीच वर्षं एकच गुच्छ ठामपणे माहीत होता, ईएसओ १२१-एससी०३. मग तारानिर्मिती खरंच थांबली होती? सुट्या ताऱ्यांवरून तपासायचं तर फोटोमेट्री (ताऱ्यांच्या तेजाचं मोजमाप) किती मंद प्रतीपर्यंत हवी? (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद.)

रोहिणी_नक्षत्र: थांबली नव्हती, मंदावली होती. गुच्छ विस्कटतात, त्यामुळे उरलेल्या गुच्छांची मोजदाद म्हणजे तारानिर्मितीचा इतिहास नव्हे. हॅरिस आणि झारिट्स्की यांनी २००९ मध्ये सुमारे २ कोटी ताऱ्यांवरून काढलेल्या इतिहासात १२ ते ५ अब्ज वर्षांपूर्वीचा काळ शांत आहे. नंतर निर्मिती पुन्हा सुरू झाली आणि २ अब्ज, ५० कोटी, १० कोटी व १.२ कोटी वर्षांपूर्वी तिला जोर आला.

खोलीचा, म्हणजे किती मंद ताऱ्यांपर्यंत जायचं याचा, हिशेब सोपा आहे. मेघाचा अंतर-गुणांक, म्हणजे दिसणारी प्रत आणि निरपेक्ष प्रत (ठरावीक अंतरावरून दिसली असती ती) यांतला फरक, १८.५. सर्वांत जुने तारे मुख्य श्रेणी (गाभ्यात हायड्रोजन जाळण्याचा टप्पा) सोडतात ते निरपेक्ष प्रत साधारण +४ ला, म्हणजे व्ही फिल्टरमध्ये २२.५. त्याच्याही खाली एक-दीड प्रत जायला हवं, म्हणून २४ धरा. मेघाच्या दाट मध्यपट्ट्यात जमिनीवरच्या दुर्बिणी गर्दीमुळे तिथवर पोचत नाहीत. तिथे हबलच लागते.

फक्त लाल राक्षसी ताऱ्यांवरून वय काढू नका. जुना, कमी धातूंचा (हेलियमहून जड मूलद्रव्यांचा) तारा आणि तरुण, जास्त धातूंचा तारा तिथे एकाच रंगाचे दिसतात.

पुनर्वसू: खोलीइतकीच कृत्रिम ताऱ्यांची चाचणी महत्त्वाची, आणि घाई नेमकी तिथेच होते. मूळ प्रतिमेत माहीत प्रतीचे तारे पेरायचे, त्याच सॉफ्टवेअरने पुन्हा मोजायचे आणि कोणत्या प्रतीला किती टक्के सापडले, किती चुकीच्या प्रतीने सापडले ते नोंदवायचं. एका फेरीत थोडेच पेरा, नाहीतर त्यांचीच गर्दी होते. एकूण संख्या मात्र लाखांत न्या. ही दुरुस्ती वगळली तर न सापडलेले मंद तारे 'जन्मलेच नाहीत' असे गणले जातात आणि नसलेली शांतता उत्तरात उगवते.

मृगशीर्ष: धन्यवाद. ताऱ्यांचा रंग आणि प्रत दाखवणाऱ्या आलेखाच्या कितीतरी चौकटींत दोन-तीनच तारे येतात. तिथे प्रतिमान आणि मोजणी ताडून पाहायला काय-वर्ग (χ²) चाचणी चालेल?

पुनर्वसू: नाही, मोजक्या संख्यांनाही चालणारी पॉइसाँ संभाव्यता वापरा. काय-वर्ग विरळ चौकटींत उत्तर एका बाजूला ओढतो. वयाचे टप्पेही लॉगॅरिदमिक, म्हणजे जुन्या काळाकडे रुंद होत जाणारे, ठेवा. जुन्या टोकाला १ अब्ज वर्षांहून बारीक टप्पे केलेत, तर शेजारच्या टप्प्यांत तारे नुसते इकडून तिकडे सरकत राहतात. धुळीमुळे येणारी लाली भागागणिक बदलते, म्हणून मेघाचे छोटे तुकडे पाडून प्रत्येकाचं उत्तर वेगळं काढा.