वकिलीतलं पहिलं वर्ष: तुमचं कसं गेलं? (अनुभव लिहा)

मुठाकाठची:
काल शिवाजीनगर कोर्टात जिन्यात एक मुलगी दिसली. नवाकोरा काळा कोट, बाहीवरचं लेबलसुद्धा अजून उसवलेलं नाही, काखेत चार फायली, आणि फोनवर सांगतेय, "सर, मॅटर पुकारलं, मी पासओव्हर मागितला पण साहेब म्हणाले..." पुढे आवाजच फुटेना तिचा. (पासओव्हर म्हणजे आमचं मॅटर जरा नंतर घ्या अशी साहेबांना, म्हणजे न्यायाधीशांना, केलेली विनंती.) मला एकदम 2006 चा जुलै आठवला. सिनियर वरच्या मजल्यावर उलटतपासात अडकलेले, मला म्हणाले होते फक्त उभी राहा आणि पासओव्हर माग. उभी राहिले, साहेबांनी विचारलं वकीलपत्र कोणाचं आहे, आणि मला काही म्हणजे काही सुचेना. तेव्हा समोरच्या पार्टीचे वकील, सत्तरीचे असतील, स्वतःहून उठले आणि म्हणाले, "साहेब, यांचे सिनियर वर आहेत, आमची हरकत नाही." बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, बाळ, फाईलचं पहिलं पान कायम उघडं ठेवायचं. अजून ठेवते. आणि कोणाचाही ज्युनिअर अडखळला की मी उठते, मॅटर माझं असो नसो.
तुमचे अनुभव लिहा ना. फर्मवाल्यांनी पण लिहा.

सातबारा:
मी फर्मवाला, कोर्टाचं तोंड वर्षभर पाहिलं नाही. बाणेरला ऑफिस, काम एकच, टायटल सर्च, म्हणजे जमिनीवर मालकी कोणाकोणाची ते तपासणं. तीस वर्षांचे इंडेक्स टू (दस्तनोंदणीचे उतारे), सातबारे, फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी). कॉलेजात फेरफार कसा वाचायचा हे कुणी शिकवलं नव्हतं, तलाठ्याचं अक्षर लावता लावता डोळे जायचे. मुळशीकडची एक जमीन होती, वडील गेल्यावरच्या वारस नोंदीत भावांची नावं कब्जेदार म्हणून आणि दोन बहिणींची इतर हक्काच्या रकान्यात, मालक म्हणून नाहीतच. बिल्डरला घाई होती. मी रिपोर्टात लिहिलं की बहिणींचा हिस्सा आहे, 2005 च्या दुरुस्तीनंतर तर वडिलोपार्जितमध्ये मुलगी मुलासारखीच सहदायक, म्हणजे जन्मापासूनची वाटेकरी. वाटलं पार्टनर काढून टाकतील. त्यांनी एक शब्द बदलला नाही. व्यवहार दोन महिने थांबला, दोघी बहिणी सहीला आल्या, त्यातली मोठी नऊवारीत, सही करायच्या आधी सगळा दस्त मला वाचून दाखवायला लावला तिने. माझी पहिली पक्षकार मी तिलाच मानतो, पक्षकार नसली तरी.

नारायणपेठी:
पाच हजार स्टायपेंड आणि कॉट बेसिसवर राहणं, मेसचे पैसे देऊन उरायचं काय? घरून मागायची लाज वाटायची आणि घरच्यांना वाटायचं पोरगं वकील झालं. बार कौन्सिलने 2024 मध्ये शहरात 20 हजार आणि गावाकडे 15 हजार द्या म्हणून सांगितलंय पण ती शिफारसच आहे. ज्यांना परवडतं त्यांनी तरी द्यावेत हो. चांगली चांगली पोरं केवळ भाडं परवडत नाही म्हणून कंपनीत गेली.

मुठाकाठची:
@सातबारा, मोठ्या बहिणीचं वाचून डोळ्यात पाणी आलं.
@नारायणपेठी, शंभर टक्के. मी माझ्या दोघी ज्युनिअरना देते तेवढे.

निशाणी_5:
नक्कल!!! नवीन लोकांनो निकाल लागला त्याच दिवशी निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी नक्कल अर्ज टाका. जिल्हा न्यायालयात अपिलाला 30 दिवस, नक्कल तयार व्हायला लागतात ते दिवस वगळून मिळतात पण अर्जच उशिरा टाकला तर मधले दिवस गेलेच. मी पहिल्या वर्षी उद्या टाकू उद्या टाकू करत अठरा दिवस घालवले, शेवटच्या दिवशी अपील दाखल झालं. पक्षकार आजोबा भोरहून पहाटेच्या एसटीने आलेले, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, मला लाडू दिले. रात्रभर झोप नाही.

सनदवाली_2024:
मला 750 रुपयांत सनद (वकिलीचा परवाना) मिळाली, सनदेला जास्त फी घेऊ नका हा सुप्रीम कोर्टाचा जुलै 2024 चा निकाल आला आणि मग अर्ज केला 🙏 बाबा रिक्षा चालवतात, आधीची फी भरायची म्हणजे कर्जच होतं. एआयबीई, म्हणजे बार कौन्सिलची वकिलीची परीक्षा, ती पण झाली. बरं गळ्यातल्या पांढऱ्या बँडला स्टार्च कुठला वापरता? दुपारपर्यंत वाकतात.

नारायणपेठी:
अभिनंदन ताई!! साबुदाण्याची खळ, आई करून द्यायची.

सातबारा:
आणि मे महिन्यात कोट नाही घातला तरी चालतं खालच्या कोर्टात, नियमात सूट आहे उन्हाळ्यात.

कोथरूडची_आई:
मी वकील नाही, मुलगा जूनपासून एका फर्ममध्ये लागलाय. रात्री अकराला येतो, विचारलं तर म्हणतो ड्राफ्ट परत आला. सगळा लाल. नीट जेवत पण नाही. काळजी वाटते म्हणून वाचत बसले.

मुठाकाठची:
काकू, लाल करून परत पाठवतात म्हणजे कुणीतरी ओळ न् ओळ वाचतंय त्याचं. ते कागद टाकू नको म्हणावं, जपून ठेव. पण अकरा रोजचेच होत असतील तर त्याने सिनियरशी बोलायला हवं, तुम्ही पाठीशी आहात एवढं सांगा.

कोथरूडची_आई:
सांगते. आलाच बघा, आमटी गरम करते.