इंजिन गरम झाल्यावर आयडलिंग अस्थिर, पिकअप कमी: इंजेक्टर बदलण्याआधी कॉम्प्रेशन तपासावे का? (नागपूर)

नमस्कार. माझ्याकडे २०१२ सालची, चार सिलेंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती. त्यांच्यामागे आता ती मी वापरतो आणि मानेवाड्याहून बुटीबोरीला कामावर रोज तिनेच जातो. आजवर १ लाख १८ हजार किलोमीटर झाले असून त्यांतले निम्म्याहून अधिक अंतर एलपीजीवर कापले गेले आहे. ते किट चार वर्षांपूर्वी काढले.

सकाळी थंड इंजिन जवळजवळ नीट चालते. मात्र पंधरा-वीस मिनिटांनी, इंजिन पुरते तापल्यावर, सिग्नलला उभे राहिले की आरपीएम ८०० वरून ६०० पर्यंत घसरतात आणि गाडी इतकी थरथरते की आरशात मागच्या वाहनाची नंबर प्लेट वाचता येत नाही. वर्धा रोडवरच्या दुमजली उड्डाणपुलावर चढताना तिसऱ्या गिअरमध्ये गाडी वेग धरत नाही, दुसरा टाकावाच लागतो. उन्हाळ्यात हा त्रास फार वाढला.

स्कॅनरवर पी ०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलेंडरमध्ये मिसफायर, (पेट्रोल नीट न पेटणे) हा कोड येतो. गरम इंजिन चालू असताना एकेका इंजेक्टरचा (पेट्रोल फवारणाऱ्या भागाचा) कनेक्टर काढून पाहिला, तेव्हा तिसऱ्याचा काढल्यावर काहीच फरक पडला नाही आणि बाकी कोणताही काढला की इंजिन बंद पडू लागले. त्यानंतर इंजिन थंड करून तिसरी कॉइल व तिसरा प्लग (ठिणगी पाडणारे भाग) पहिल्या सिलेंडरला लावले, पण कोड तिसऱ्याचाच राहिला. थ्रॉटल बॉडी साफ केली आहे. व्हॅक्यूमचे पाइप तपासले, तेही शाबूत आहेत. शिवाय हवेची गळती असती तर अॅक्सिलरेटर दाबल्यावर त्रास बराच कमी व्हायला हवा होता. बदलण्याआधीचा तिसरा प्लग काळा, ओलसर आणि पेट्रोलचा वास येणारा निघाला, तर बाकीचे तिन्ही फिकट चहाच्या रंगाचे होते. पेट्रोल पोहोचते, ठिणगीही पडते, तरी ते जळत नाही, असा अर्थ मी काढला आहे.

गॅरेजमध्ये चारही इंजेक्टर बदला असे सांगतात. तिसरा इंजेक्टर गळत असेल तरीही प्लग असाच ओला होईल, त्यामुळे त्यांचे म्हणणे मी सरसकट नाकारत नाही. पण माझा संशय व्हॉल्व्हवर आहे. एलपीजीवर दीर्घकाळ चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्ह ज्यावर टेकून मिटतो ती सीट झिजून व्हॉल्व्ह आत बसत जातो व टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली मोकळी जागा) कमी होते. मग इंजिन तापून व्हॉल्व्हची दांडी प्रसरण पावली की तो पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, निसटते. थंड असताना ठीक व गरम झाल्यावर बिघाड, हे लक्षण याच्याशी तंतोतंत जुळते. माझ्या इंजिनात हायड्रॉलिक (फट आपोआप राखणारे) टॅपेट नाहीत आणि वडिलांच्या सर्व्हिसच्या वहीत टॅपेट सेटिंगची एकही नोंद नाही. टॅपेटचा आवाज अजिबात येत नाही हे गॅरेजवाल्यांना चांगले लक्षण वाटते, मला मात्र त्याचीच काळजी वाटते, कारण फट उरली नसली तरी आवाज येत नाही.

जाणकारांना विचारायचे आहे ते असे. गरम इंजिनावर, चारही प्लग काढून व थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन घ्यावे, आणि तिसऱ्यात ते कमी आले तर चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे, असा माझा विचार आहे. आकडा वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगमध्ये, नाही वाढला तर व्हॉल्व्हमध्ये, हे बरोबर आहे ना? की त्याआधी तिसरा आणि पहिला इंजेक्टर अदलाबदल करून पाहणे अधिक शहाणपणाचे ठरेल? फट खरोखरच कमी निघाली, तर केवळ टॅपेट सेट करून भागते की हेड उतरवून सीट घासावीच लागते?

न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) खराब करते हे मला ठाऊक आहे, म्हणून तूर्तास गाडी उभी ठेवली आहे. मानेवाडा किंवा अजनीच्या आसपास कॉम्प्रेशन गेज असलेला आणि मोजलेले आकडे कागदावर लिहून देणारा मेकॅनिक कोणाच्या माहितीत असेल तर कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावे.